पेस्टर, तगादा आणि ससेमिरा

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला, परभणीहून. ती आठवीत आहे आणि इंग्रजीचा गृहपाठ अडला की तिला मामा आठवतो. एरवी मामा जिवंत आहे का हेही ती विचारत नाही :)

"मामा, पेस्टर म्हणजे काय हो?"

"त्रास देणे."

"ते तर गाईडमध्ये बी दिलंय. पण ट्रबल म्हणजे बी त्रास देणे, टीज म्हणजे बी त्रास देणे. मग पेस्टर कशाला पाहिजे? आणि बाईंनी पाच वाक्यं सांगितलीत."

प्रश्न बिनतोड होता. तिला सांगितलं की एकदाच दिलेला त्रास म्हणजे पेस्टर नव्हे. तेच तेच पुन्हा पुन्हा मागून किंवा विचारून समोरच्याला नको नकोसं करणं म्हणजे पेस्टर. तू सायकलसाठी दाजींच्या मागं लागली होतीस ना दिवाळीपासून, ते. तिला लगेच कळलं. "म्हणजे टुमणं लावणं!" म्हणाली आणि फोन ठेवून मोकळी झाली.

ती मोकळी झाली, पण माझ्यामागे हा शब्द लागला. झोप येईना तेव्हा उठून शब्दकोश काढले. नंतर एक-दोन जुनी पुस्तकंही चाळली. त्यातून जे सापडलं ते इथे मांडतो आहे. शेवटी घरचीही एक गोष्ट येईल. ती बहिणीला आणि दाजींना विचारूनच लिहितो आहे.

आधी ह्या पेस्टरचं कूळ. मला वाटायचं हा शब्द 'पेस्ट'पासून आला असणार. पेस्ट म्हणजे कीड, रोगराई, लॅटिनमधली 'पेस्टिस'. आमच्या परभणीला कृषी विद्यापीठ असल्यामुळे पेस्ट आणि पेस्टिसाइड हे शब्द आम्ही इंग्रजी शिकायच्या आधीच शिकलो होतो. पण नाही. दोघांची गाठ नंतर पडली, आणि उच्चार सारखा असल्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटला. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला 'आँपेत्रे' किंवा 'आँपेस्त्रे', आणि त्याच्याही मागे लॅटिनमधली गुराखी-कुरणवाली 'पास्तोर' मंडळी. चरायला सोडलेल्या जनावरानं पळून जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला जी दोरी बांधतात, त्या दोरीचा हा शब्द. पेस्टर करणं म्हणजे मुळात पायबंद घालणं!

इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ अडकवणं, गर्दी करून अडचण करणं असा होता. जहाजात माल कोंबला की जहाज 'पेस्टर्ड' व्हायचं. मिल्टनच्या १६३४ सालच्या 'कोमस' नाटकात हा शब्द चक्क कोंडवाड्याच्या जोडीला आलेला आहे. पुन्हा पुन्हा मागून बेजार करणं हा अर्थ हळूहळू वर आला आणि दोरी विसरली गेली.

हे वाचताना मला आमच्या गावाकडचं लोढणं आठवलं. गंगाखेडच्या पुढे आमचं गाव. तिथे ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायचे. जनावर पळायला लागलं की ओंडका गुडघ्यांवर आपटायचा. आजीच्या तोंडी "गळ्यात लोढणं पडलं" हे दिवसातून एकदा तरी असायचं, आणि तिला त्यातली म्हैसही दिसत असायची. तिचं लोढणं आणि इंग्रजांचं पेस्टर एकाच गोठ्यातून निघालेत. फरक इतकाच की आपल्या शब्दातला ओंडका अजून दिसतो आणि त्यांच्यातली दोरी कधीच कुजून गेली.

बरं, मराठीत ह्या एका क्रियापदासाठी काय काय आहे? मी वहीत लिहायला बसलो तर पान भरलं. पिच्छा पुरवणे, टुमणे लावणे, भंडावून सोडणे, भुणभुण लावणे, डोकं खाणे, मागे हात धुऊन लागणे, तगादा लावणे, ससेमिरा लावणे. गंमत बघा, बहुतेक ठिकाणी एक नाम आणि त्यापुढे लावणे, सोडणे, पुरवणे असलं काहीतरी. नुसत्या क्रियापदानं आपलं भागत नाही. त्रास ही आपल्याकडे कुणीतरी कुणालातरी 'लावायची' वस्तू आहे, जळूसारखी.

आणि जो बेजार होतो त्याचे शब्द तर आम्हा मराठवाड्यातल्या लोकांकडे जास्तच. बेजार फारसी. हैराण मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ चकित, गोंधळलेला असा आहे. आपण त्याला थकवून टाकलं. तंग म्हणजे फारसीत अरुंद. जेरीस येणे ह्यातला 'जेर' म्हणजे खाली, बुडाशी. हे शब्द उभ्या महाराष्ट्रात आहेत, पण परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे आमच्याकडे ते बाजारात, घरात सगळीकडे जास्त खेळतात. माझ्या आजोबांचं वरच्या वर्गातलं शिक्षण उर्दूतून झालं. ते घरात मराठी बोलायचे, हिशेब मोडीत ठेवायचे आणि रागवायचे मात्र उर्दूत.

ह्या सगळ्यात इतिहास दडलेला आहे तो 'तगादा'मध्ये. मूळ अरबी, फारसीत तो झाला तकाझा, आणि मराठीत 'क'चा 'ग' होऊन तगादा. आज आपण तो शब्द सहज वापरतो. संपादकांचा लेखासाठी तगादा, बायकोचा पडद्यांसाठी तगादा. पण दोनशे वर्षांपूर्वी तगादा ही एक रीत होती, जवळजवळ कायद्यासारखी.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. त्यानं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल लिहिला. त्यात न्यायव्यवस्थेचं वर्णन करताना, लोक कोर्टाशिवाय आपलं येणं कसं वसूल करतात हे सांगताना तकाझ्याची माहिती आहे. ती वाचून मी थक्क झालो. देणेकरी आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घराबाहेर पडू द्यायचा नाही, जेवू द्यायचा नाही, उन्हात बसवायचा. प्रकरण फारच चिघळलं तर डोक्यावर दगड देऊन भर दुपारी एका पायावर उभं करण्यापर्यंत मजल जायची.

पण देणेकरी वरचा असेल, म्हणजे सरदार-दरकदार, तर? मग काम विनवण्यांनी सुरू व्हायचं. अब्रूची आठवण करून द्यायची. मग त्याच्या उंबऱ्यावर आडवं पडायचं, त्याच्या वाटेत लोळण घ्यायची, दारासमोर आरडाओरडा करायचा. आपल्याच्यानं होत नसेल तर ह्या कामासाठी माणसं लावायची. आणि शेवटचा उपाय म्हणजे धरणं. दारात उपाशी बसायचं. येणेकरी उपाशी असेपर्यंत देणेकऱ्यानंही जेवायचं नाही, अशी पद्धत. ज्याचं भूक सोसण्याचं बळ जास्त तो जिंकला! आणि एल्फिन्स्टन पुढे नोंदवतो की मागणी न्याय्य असेल तर अशा माणसाला दारातून हुसकावणं हे अब्रूदार माणूस करत नसे.

ह्याच काळात, १८०९ साली, दौलतराव शिंद्यांच्या छावणीत ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्या पत्रांचं पुस्तक आहे. त्यातही छावणीतल्या धरण्यांची वर्णनं आहेत. पगार थकलेले लोक धरणं धरून बसत. शिपायांनी धन्याला पेस्टर करायची ही अधिकृत तऱ्हा म्हणायची.

इंग्रजांना हे कळेना आणि रुचेना. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ५०८ वं कलम आलं : एखाद्याला देवाच्या कोपाची भीती घालून त्याच्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा. त्या कलमाखाली समजावणीसाठी दिलेलं पहिलंच उदाहरण दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसण्याचं आहे. 'धरणा' हा आपला शब्द इंग्रजी कायद्यात तसाच ठेवावा लागला, कारण त्यांच्याकडे त्याला शब्दच नव्हता. दंडसंहिता जुलै २०२४ मध्ये गेली आणि न्याय संहिता आली. तिच्यातही हा गुन्हा आहेच.

परभणी पेशव्यांकडे नव्हती हे मला मान्य आहे. पण अशा रिती राज्याची हद्द बघून थांबत असतील असं मला वाटत नाही. शिवाय एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे. संत नामदेवांचं नरसी आता हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी होईपर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. लहानग्या नामदेवाला वडिलांनी नैवेद्य घेऊन देवळात पाठवलं. ह्याला वाटलं देव खरंच जेवतो. देव जेवेना. पोरगं हटून बसलं, विनवण्या केल्या, रडलं, शेवटी डोकं आपटून घेतो म्हणालं, तेव्हा विठ्ठल जेवला. आम्ही ती गोष्ट भक्तीची म्हणून ऐकली आणि ती तशीच आहे. पण ह्या वेळी एल्फिन्स्टन वाचून झाल्यावर मला त्यात धरण्याच्या सगळ्या पायऱ्या दिसल्या. आधी विनवणी, मग दारात ठिय्या, मग जिवावरची धमकी. देव हा वरचा देणेकरी, त्याला उन्हात उभं करता येत नाही. गंगाखेडच्या जनाबाईसुद्धा विठ्ठलाला काही कमी सुनावत नाहीत.

ससेमिऱ्याची गोष्ट वेगळी आणि मला जास्त आवडते. सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतली ही कथा. एक राजपुत्र रानात वाघाला भिऊन झाडावर चढतो. तिथे अस्वल बसलेलं. ते म्हणतं, भिऊ नको, तू माझ्या आश्रयाला आलास. रात्री दोघं पाळीपाळीनं झोपतात. राजपुत्र झोपलेला असताना वाघ अस्वलाला म्हणतो ह्याला खाली ढकल; अस्वल ऐकत नाही. मग अस्वल झोपतं आणि वाघ तेच राजपुत्राला सांगतो. हा ढकलतो! अस्वल फांदी धरून वाचतं आणि त्याला शाप देतं. तेव्हापासून राजपुत्राच्या तोंडी एकच : ससेमिरा, ससेमिरा. वैद्य हरतात. शेवटी कुणीतरी पडद्याआडून चार श्लोक म्हणतं, पहिला 'स'नं सुरू होणारा, दुसरा 'से'नं, मग 'मि', मग 'रा'. बहुतेक विश्वासघाताबद्दलचे. एकेका श्लोकाला एकेक अक्षर सुटत जातं आणि पोरगा शुद्धीवर येतो.

म्हणजे ससेमिरा मुळात छळणाऱ्याचा नव्हताच, छळलेल्याच्या जिभेवरचा होता. स्वतः केलेली चूक आतून पुन्हा पुन्हा बोलत होती. पुढे भाषेनं तो उचलून बाहेरच्या माणसाच्या हातात दिला, आणि आता चौकशीवाले लोकांच्या मागे ससेमिरा लावतात.

आता घरची गोष्ट.

आजी सांगायची की तिचं नवीन लग्न झालं तेव्हा पणजोबांवर दोनशे रुपयांचं कर्ज होतं, हाली. (निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. तरुण वाचकांसाठी सांगितलं.) सुगी झाली की सावकाराचा माणूस यायचा आणि सकाळपासून ओट्यावर बसून राहायचा. ओरडायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचा. प्रत्येकाला कळायचं हा इथे का बसलाय, तेवढंच त्याचं काम. आजीला त्याची चीड यायची, पण दुपारी भाकरीची वेळ झाली की पणजी तिलाच पाठवायची, त्याला वाढून दे म्हणून. दारात माणूस उपाशी असताना आपण कसं जेवायचं? मला हे आजीचं मोठं मन वाटायचं. आता वाटतं, कदाचित धरण्याचीच ही उलटी बाजू असेल. त्याला जेवू घातलं की आपल्यालाही जेवता यायचं. उलगडून सांगायला आजी आता नाही.

त्या काळातले सगळे तगादे असे सोज्वळ होते असं कुणी समजू नये. एल्फिन्स्टननं लिहिलेला डोक्यावरचा दगड गरिबाच्याच डोक्यावर असायचा. इंग्रजी मुलखात १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि १८७९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला, पण तो इंग्रजी हद्दीत. आमचे लोक निजामाच्या हद्दीत.

कायद्यांबद्दल आणखी एकच. मुंबई प्रांताचा १९४६ चा सावकारी कायदा होता. त्यात कर्जदाराला 'मोलेस्ट' करणाऱ्याला शिक्षा ठेवली होती. शब्द दचकवणारा आहे, आज त्याचा अर्थ भलताच होतो. पण लॅटिनमधला मोलेस्टस म्हणजे फक्त त्रासदायक, आणि कायद्याला तोच अर्थ हवा होता. माणसाच्या मागे मागे जागोजागी फिरत राहणं, त्याच्या घराच्या किंवा कामाच्या जागेच्या आसपास घुटमळणं, असं सगळं त्यात मोजून सांगितलेलं होतं. वकिली भाषेत ओट्यावरचा तो माणूस! महाराष्ट्राचा २०१४ चा नवा सावकारी कायदा आला त्यातही हा गुन्हा राहिला.

तर सोमवारी संध्याकाळी मी भाचीला विचारलं, झाली का पाच वाक्यं? तिनं वाचून दाखवली. पहिलं सायकलीचं, माझ्याकडून उचललेलं. दुसरं माश्यांचं, तिसरं धाकट्या भावाचं, चौथं दारावर येणाऱ्या विक्रेत्याचं. पाचवं वाचताना जरा थांबली आणि मग भरभर म्हणाली, "द फोन पेस्टर्स टू माय पप्पा इन द नाईट ऑल्सो."

मी विचारलं कोणाचा फोन. ती म्हणाली, "असंच वाक्य आहे मामा."

बहिणीशी बोलल्यावर कळलं. दाजींनी मागच्या वर्षी दुकानासाठी कर्ज घेतलं होतं. कोणाकडून ते लिहीत नाही. दोन हप्ते थकले. दिवसाला पंधरा-वीस फोन, वेगवेगळ्या नंबरांवरून, रात्री दहानंतरही. काही फोनवर तर माणूसही नसतो, रेकॉर्ड केलेली बाई बोलते. दाजींनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण पोरीला कळलं होतं आणि तिनं ते वहीत लिहून टाकलं होतं. मला माहीत असतं तर मी दिवाळीत सायकलीवरून तिची चेष्टा केली नसती.

दाजींना फोन केला. आधी ते "काही नाही हो, चालायचंच" म्हणाले. मग बोलले. मी सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलंय : वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि वेळेत असला तरी सारखा सारखा फोन करायचा नाही. म्हणजे पेस्टर करणं नियमातच मना आहे. आधी ज्यांनी कर्ज दिलं त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे तर द्यायचेच आहेत की हो. नाही म्हणलंय का मी? पण त्या बाईला सांगावं कसं? ती ऐकतच नाही."

ओट्यावरच्या माणसाला भाकरी वाढता येत होती, त्याला "पुढच्या सुगीला" म्हणता येत होतं. तोही दिवसभर उन्हातच बसलेला असायचा.

थकलेले दोन हप्ते आम्ही मिळून भरलेत, बाकीचे ते वेळेवर भरतील. तक्रार त्यांनी केली. तीन पानांची वेळांची यादी भाचीनंच सुबक अक्षरात तयार करून दिली.

आणि गृहपाठ तपासून आला. बाईंनी पाचव्या वाक्यातल्या 'टू'भोवती लाल गोल केलाय. बरोबरच आहे. आपण एखाद्याला त्रास देतो, त्या 'ला'चं पोरीनं 'टू' केलं. इंग्रजीत पेस्टर थेट माणसालाच लागतो, मध्ये काही लागत नाही. बाकी वाक्य बाईंनी तसंच ठेवलंय.